खड्ड्यांत शिकलेली गाडी

सन २०४३ मधलं हे कोडं आहे. चीनमधल्या निंगबो बंदराजवळ चाकणच्या नीलाश्व मोटर्स या कंपनीचं एक शोरूम होतं. त्यात 'भीमथडी' नावाची, विजेवर चालणारी गाडी विकायला ठेवली होती. गाडी देखणी होती, दणकट होती, एकदा चार्ज केली की नऊशे किलोमीटर जात होती, आणि अकरा महिन्यांत तिचे दोन नग खपले होते. त्यातला एक वाहन-संग्रहालयाने नेला होता. तर कोडं असं : गाडी इतकी चांगली, मग खपत का नाही?

अकरा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं सोडवणं भागच होतं. तिची आई वैजयंती चितळकर या शोरूमची प्रमुख होती. मुख्य कचेरीतल्या सरपोतदार साहेबांनी कळवलं होतं, की एकतीस तारखेपर्यंत पाच ऑर्डरी आल्या नाहीत तर शोरूम बंद. आई आणि शाल्मली परत चाकणला. ते एक वेळ चाललं असतं. पण श्याओमाचं काय?

श्याओमा हा शोरूमचा यंत्रमानव. कंपनीच्या सामानाच्या यादीत तो 'खुर्च्या : बारा' आणि 'पाणी गरम करण्याचं यंत्र : एक' यांच्या मधे होता. शोरूम बंद झालं की त्याची स्मृती पुसून टाकून त्याला विकायचं ठरलं होतं. अकरा महिन्यांत त्याने शाल्मलीला चिनी शिकवलं होतं. मराठी मात्र तो स्वतःच शिकला होता, आई सरपोतदार साहेबांशी फोनवर बोलायची ते ऐकून ऐकून. त्यामुळे त्याची बरीच वाक्यं 'तसं नाही सर' अशी सुरू होत.

त्या दिवशी सव्वीस तारीख होती. शोरूममधल्या जाहिरातीच्या कागदांचा गठ्ठा पडून होता. त्यांच्या छोट्या कागदी गाड्या करून येणाऱ्या मुलांना वाटाव्यात, असं आईने ठरवलं होतं. मुलं येत नव्हती, पण गाड्या व्हायलाच हव्या होत्या. शाल्मली घड्या घालत होती आणि श्याओमा वेळ मोजत होता.

"पहिली गाडी शंभर सेकंद," तो म्हणाला. "दुसरी ऐंशी. चौथी चौसष्ट. आठवी एक्कावन्न."

"म्हणजे मी पटपट शिकते!"

"तसं नाही सर. म्हणजे शिकता, पण गंमत वेगळीच आहे. गाड्यांची संख्या दुप्पट झाली, की दर वेळी तुमचा वेळ एक पंचमांशाने कमी झाला. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. याला अनुभव-वक्र म्हणतात (एखादी गोष्ट जितकी जास्त वेळा करावी, तितकी ती सोपी आणि स्वस्त होत जाते, हे दाखवणारा आलेख)."

शाल्मलीने घडी अर्धी सोडली. "मग बॅटरीचं पण असंच?"

"अगदी असंच. गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचा. इथल्या कारखान्यांनी बॅटऱ्या इतक्या वेळा दुप्पट केल्या आहेत, की आता त्यांची बॅटरी तुमच्या बॅटरीच्या निम्म्यात होते. त्यात तुमची गाडी बोटीने येते, बंदरावर आयातकर भरते (परदेशी मालावर सरकार घेतं ती जादा पट्टी), आणि मग रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या गाडीशेजारी उभी राहते. ती गाडी स्वस्त, आणि तिला चिनी गाणीही येतात."

"म्हणजे आपण हरलोच."

"बॅटरीत हरलात," श्याओमा म्हणाला. त्याला धीर द्यायला कोणी शिकवलं नव्हतं. "जो जे जास्त करतो, तो त्यात पुढे. तुम्ही काय जास्त केलं आहे?"

शाल्मलीने विचार केला. चाकणमध्ये सगळ्यात जास्त काय होतं? तिला एकच गोष्ट आठवली आणि ती सांगायची तिला जरा लाज वाटली.

"खड्डे," ती म्हणाली.

श्याओमा उठला, भीमथडीजवळ गेला आणि आपलं बोट तिच्या संगणकाला जोडून चाचणीच्या नोंदी वाचू लागला. 

"तीन कोटी चाळीस लाख धक्के," शेवटी तो म्हणाला. "छोटे, मोठे, पाण्याने भरलेले, बुजवलेले, बुजवून पुन्हा उकरलेले. यातले सहा प्रकार आमच्याकडच्या पुस्तकांत नाहीतच. जगातल्या कुठल्याच गाडीने इतकं शिक्षण घेतलेलं नाही."

"पण इथे खड्डेच नाहीत ना! रस्ते बघ, कॅरमच्या बोर्डासारखे."

दोघंही खिडकीतून रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यावर खरोखरच काही नव्हतं. आणि मग शाल्मलीला शाळेतलं जेवण आठवलं. तिच्या शाळेत दर बुधवारी श्यालिंग गावचा रेशमी टोफू असे. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आणि रेशमी टोफू म्हणजे खरवसाहून नाजूक. चव अशी, की वर्गातली मुलं बुधवारी आजारी पडत नसत. पण तो ताटात नेहमी चुरा होऊन येई. बाईंनी एकदा सांगितलं होतं : श्यालिंगचा डोंगरातला रस्ता चारशे वर्षांपूर्वीचा, दगडगोट्यांचा. तो वारसा म्हणून जपलेला असल्याने गुळगुळीत करायला बंदी आहे.

"आई!" शाल्मली ओरडली.

* * *

शनिवारी सकाळी आई, शाल्मली आणि श्याओमा यांना घेऊन भीमथडी श्यालिंगला पोचली. गावातल्या टोफूवाल्यांचे म्होरके चेनआजोबा हे सत्तरीचे, बारीक, आणि कुठल्याही विक्रेत्याला पाहिल्यावर एक डोळा मिटून घेणारे गृहस्थ होते. आईला पाहून त्यांनी तो मिटला.

आईने अकरा महिने पाठ केलेलं चिनी भाषण सुरू केलं. "आमची गाडी एका चार्जिंगमध्ये नऊशे किलोमीटर जाते!"

"आमचा बाजार अकरा किलोमीटरवर आहे," चेनआजोबा म्हणाले. "उरलेल्या आठशे एकोणनव्वदचं मी काय करू?"

आई थांबली. अकरा महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी तोंडावर विचारला नव्हता. गिऱ्हाइकं नम्रपणे हसून निघून जात.

"चार्जिंग कुठे करता?" तिने हळूच विचारलं.

"खाली पुलाजवळ. वरच्या वळणावर. देवळामागे. पाच मिनिटं लागतात. तुमच्याकडे नाही होत?"

"आमच्याकडे..." आई म्हणाली आणि मराठीत पुटपुटली, "अगं बाई!"

"काय झालं?" शाल्मलीने विचारलं.

"आपल्याकडे पुढचं चार्जिंग कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही गाडीत भलीमोठी बॅटरी घातली. आणि तीच इथे घेऊन आलो. लग्नाला जाताना कोणी घरून डबा नेतं का? इथे जागोजागी पंगत वाढलेली आहे आणि आम्ही डब्याची जाहिरात करतोय! वर त्या डब्याचं तीनशे किलो ओझं. ते वाहायलाच निम्मी वीज जाते."

"निम्मी नाही, सुमारे आठवा भाग," श्याओमा म्हणाला. "पण भावना पोचली."

चेनआजोबांना यातलं काही कळलं नाही. पण विक्रेत्याची बोलती बंद झालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. त्यांनी मिटलेला डोळा उघडला.

"आजोबा," शाल्मली पुढे झाली, "किलोमीटर राहू द्या. तुमचा टोफू आमच्या गाडीत ठेवून बघता का? एकही वडी मोडली नाही तर?"

"रोज दहातल्या चार मोडतात, पोरी. माझ्या बापाच्या बैलगाडीतही तेवढ्याच मोडायच्या. तेवढी एकच गोष्ट या देशात बदलली नाही."

चाळीस वड्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून गाडीत चढवल्या. गाडी निघाली. आई स्टिअरिंगमागे, तिच्या शेजारी चेनआजोबा आणि मागे श्याओमा आणि ट्रे धरून शाल्मली. रस्ता असा होता, की तो जपणाऱ्यांना दंडवत घालावा आणि बांधणाऱ्यांना जाब विचारावा. शाल्मलीने डोळे घट्ट मिटले. पाच ऑर्डरी. तीन दिवस. यादीतल्या खुर्च्या आणि पाण्याचं यंत्र यांच्या मधली ती ओळ.

"घाबरू नका," श्याओमा म्हणाला. "काय चाललंय ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. चाकाला धक्का बसला, की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ताकद साठवते. नुसती स्प्रिंग असती, तर तिने ती ताकद लगेच परत दिली असती आणि टोफू छताला चिकटला असता."

"यानं भीती कमी होत नाहीये!"

"पुढे ऐका. स्प्रिंगच्या जोडीला शॉक ॲब्सॉर्बर आहे (हेलकाव्याची ताकद शोषून तिची उष्णता करून टाकणारा तेलाचा दट्ट्या). तो म्हणतो, थांब, हळू. हे सगळ्याच गाड्यांत असतं. पण या गाडीचा कॅमेरा दहा मीटर पुढचा दगड बघतो, आपल्या तीन कोटी चाळीस लाख आठवणींत तसाच धक्का शोधतो, आणि चाक तिथे पोचायच्या आत दट्ट्या सैल किंवा कडक करून ठेवतो. सराईत हमाल पायरी दिसताच गुडघा वाकवतो ना, तसं. हा समोरचा दगड बघा. गाडीच्या मते हा 'गटार बुजवलेलं, प्रकार तीन' आहे."

गाडी दगडावरून गेली. ट्रेमधलं पाणी नुसतं शहारलं.

बाजारात चेनआजोबांनी एकेक वडी चष्मा लावून तपासली. एकोणचाळीस अखंड होत्या. चाळिसावीला भोक होतं. ते कशाने पडलं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचं बोट ओलं होतं.

"आम्ही सात जण आहोत," ते म्हणाले. "सातही जण घेऊ. पण हा तुमचा नऊशेचा डबा काढा. बॅटरी लहान, इथलीच. किंमत उतरली पाहिजे."

आईने तिथूनच चाकणला फोन लावला.

"आपल्या गाडीत त्यांची बॅटरी?" सरपोतदार साहेबांचा आवाज शाल्मलीपर्यंत पोचला. "वैजयंतीबाई, आपल्या बॅटरीचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर आहे!"

"तसं नाही सर," आई म्हणाली. "कॅलेंडर दर वर्षी बदलतंच. त्यांची बॅटरी आपल्या गाडीत, आणि त्यांच्या टोफूखाली आपली स्प्रिंग. जे त्यांना जास्त येतं ते त्यांच्याकडून घेऊ, जे आपल्याला येतं ते देऊ. सात ऑर्डरी आहेत, सर. तुम्ही पाच म्हणाला होता."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"टोफू म्हणजे नक्की काय असतं?" साहेबांनी विचारलं, आणि आईने शाल्मलीकडे बघून अंगठा वर केला. शोरूम राहणार होतं. श्याओमा यादीतच राहणार होता, पण ती यादी आता कोणी बाजारात नेणार नव्हतं. शाल्मलीने त्याच्या थंडगार कोपराला कोपर लावलं.

चेनआजोबांना एक शंका होती. "तुमच्याकडचे खड्डे बुजले, तर गाडी शिकणार कुठे?"

"त्याची काळजी," आई म्हणाली, "निदान माझ्या निवृत्तीपर्यंत तरी करायला नको."

शाल्मली मात्र बोटांवर मोजत होती. "श्याओमा, सातच गाड्या म्हणजे काहीच नाही ना? इथे लाखांनी खपतात."

"तसं... हो, काहीच नाही. पण वक्र आठवा. तो दर दुप्पटीला उतरतो. इथल्या बॅटरीवाल्यांना पुढची दुप्पट करायला आणखी कोट्यवधी बॅटऱ्या बनवाव्या लागतील. त्याला वर्षं जातील."

"आणि आपल्याला टोफूच्या गाड्या दुप्पट करायला..." शाल्मलीचे डोळे मोठे झाले. "फक्त सात! नवा माणूस जास्त भराभर शिकतो!"

"हे तुम्ही माझ्याआधी म्हणालात," श्याओमा म्हणाला. "नोंद घेतली आहे."

शाल्मली चेनआजोबांकडे धावली. "आजोबा, डोंगरापलीकडच्या गावातही टोफू करतात का?"

"छे! त्यांना कुठला जमतोय. रस्ता तसाच वाईट आहे, पण ते लोक अंडी विकतात."

शाल्मलीने आईकडे पाहिलं. आई आधीच स्टिअरिंगमागे जाऊन बसली होती.