सियालदहची फरशी

भुताची गोष्ट म्हटली की रात्र हवीच, असं तुम्हाला वाटत असेल. ही भरदुपारची आहे. डिसेंबरातली. कोलकात्याचं सियालदह स्टेशन माणसांनी फुललेलं होतं. आणि मी स्वतः तिथे होते… विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मी आणि माझी नीहार पिशी, म्हणजे बाबांची थोरली बहीण, कृष्णनगरला लग्नाला निघालो होतो. पिशी सत्तरीला टेकलेली, पण जीभ तिखट.

"तुली, एवढी लिपस्टिक? नवरी तू आहेस का गं?"

मी हसत पुढे गेले. मागे वळून पाहिलं तर…

पिशी नव्हती.

ती एका खांबाजवळ खाली बसली होती. अंगावरची शाल काढून तिने फरशीवर अंथरली होती. अर्धी खाली, अर्धी वरून पांघरल्यासारखी.

"पिशी, चक्कर आली का?"

"हळू बोल."

ती शालीवर थोपटत होती. लहान मुलाला निजवतात तशी.

चहावाला ओरडला, "ओ माशिमा, स्टेशनाला घर समजलात की काय?"

"घरच होतं रे आमचं," पिशी म्हणाली.

खरंच होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या बारिसालहून आलेलं आमचं कुटुंब कित्येक महिने याच फरशीवर राहिलं होतं. पिशी तेव्हा लहान. तिचा धाकटा भाऊ हाबुल इथेच तापाने गेला. बाबा त्यानंतरचे. घरात हाबुलचं नाव कुणी काढत नसे.

तेवढ्यात लोकल आली. गर्दीचा लोंढा थेट आमच्या अंगावर. मी पिशीला ओढणार, तोच…

लोंढा फुटला.

माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. कुणी खाली पाहत नव्हतं. तरी शालीच्या काठालाही कुणाचा पाय लागला नाही.

मग मला जाणवलं… काहीच ऐकू येत नव्हतं. ना भोंगा, ना हमालांची आरडाओरड.

फक्त एक श्वास.

नाक चोंदलेल्या लहान मुलाचा.

आणि ती रिकामी शाल मधोमध फुगली होती… वरखाली होत होती.

"पिशी… आपली गाडी…"

"जाऊ दे. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

गाडी गेली. शाल हळूहळू खाली बसली. स्टेशनाचा गलका एकदम कानांवर आदळला.

पिशी खांबाला धरून उठली; शाल मीच उचलली.

गरम होती. तापलेल्या अंगासारखी.

पुढच्या गाडीत राणाघाट येईपर्यंत ती शालीची घडी घालत, मोडत राहिली. शेवटी मीच विचारलं, "काही बोलला?"

"आई कुठेय, म्हणाला."

"मग?"

"सांगितलं, पाणी आणायला गेलीय. येईलच."

आणि तोंडाला पदर लावून ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याची आई, म्हणजे माझी आजी, जाऊन तेव्हाच कैक वर्षं झाली होती. मागच्या फाल्गुनात पिशीही गेली. आता तो तिथे आहे हे ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही… माझ्याशिवाय.

सियालदहला जाणं मी टाळतेच. पण कधी जावं लागलं, आणि गर्दीत एखाद्या पोराने पाणी मागितलेलं कानावर आलं… तर मान वळवायचा धीर होत नाही.

आणि तशीच पुढेही जाववत नाही.