हलका घे

कॉलेज सुरू व्हायला सहा दिवस उरले होते, आणि घरातल्या धाकट्या मुलीने, धाकटीने, लॅपटॉपचा प्रश्न आज धसास लावायचाच असं ठरवलं होतं. कॉलेज घरापासून दोन बस लांब, वर तीन जिने. म्हणून वजन दीड किलोच्या आत हवं. किंमत बाबांना झेपेल एवढी. पण खरी अट वेगळीच होती. तिला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. कानातलं यंत्र घरापुरतं ठीक. भरल्या वर्गात सगळे आवाज एकमेकांत कालवले जायचे. समोरचा बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटेल, असा चांगल्या माइकचा लॅपटॉप तिला हवा होता. "साध्या कॉलेजात निभाव लागेल का हिचा?" असं काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. त्यांना तिला निकालानेच उत्तर द्यायचं होतं.

जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारं ते दुकान म्हणजे बाजाराच्या टोकाची एक खोली. काचेचं दार, एक लांब टेबल, गरम झालेल्या वायरींचा वास. भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तसेच आले होते, हाताला ग्रीस.

पहिला लॅपटॉप तिने नुसता उचलून परत ठेवला. दुसऱ्याचा माइक बरा होता, पण वजन पाट्यासारखं. तिसरा करडा, पातळ, कळांवरची अक्षरं अर्धी झिजलेली. तिने तो एका हातात तोलला आणि मनात म्हणाली, हाच.

बोललेलं अक्षरांत उतरवणारी सोय तिने सुरू केली. "माझ्याकडे पाठ करून बोला," तिने दुकानदाराला सांगितलं.

तो भिंतीकडे वळला. पडद्यावर उमटलं: बॅटरी नवीन घातलीये, सहा महिने बघायला नको.

मग बाबांचं: थोडं कमी करा की.

मग: हिला ऐकू येत नाही का?

हा प्रश्न तिच्या सवयीचा होता. "कमी येतं," ती म्हणाली. "आणि मलाच विचारा ना, मी समोरच आहे."

दुकानदार गोंधळून वळला. "मी कुठे काय विचारलं?"

बाबांनीही मान हलवली. "कोणीच काही बोललं नाही गं."

"शेजारच्या दुकानातलं पकडलं असेल," दुकानदार म्हणाला, पण माइकच्या बारीक छिद्रावरून त्याने दोनदा बोट फिरवलं.

धाकटीला अंदाजपंचे कारभार चालत नसे. "तुम्ही दोघं बाहेर थांबा. दार लावून घ्या. मला बघू दे."

दोघं बाहेर गेले. काचेपलीकडे बाबा तिच्याकडे बघत उभे होते, ओठ मिटलेले. तिने पंखा बंद केला. पडदा कोरा राहिला. एक मिनिट गेलं असेल, मग उमटलं:

गेले दोघं.

तिने बाहेर पाहिलं. दोघंही गप्प.

ही वाचते, वाटतं.

तिच्या मानेवर काटा आला, पण ती जागची हलली नाही. दोष या यंत्राचा असेल, तर दुसऱ्यावर हे दिसणार नाही. तिने तो जड लॅपटॉप शेजारी ओढला आणि त्यावरही तीच सोय सुरू केली.

दोन्ही पडद्यांवर एकदमच अक्षरं आली.

तो जड आहे. हलका घे. रोज न्यायचाय.

तिने दोन्ही झाकणं मिटली. म्हणजे यंत्रात खोट नव्हती. आणि हलका घ्यायचं तिने आधीच ठरवलं होतं, कुणी सांगितलं म्हणून नाही. एवढ्यासाठी माघार घेतली असती, तर तिला घरीच बसवायला सगळे टपलेले होते.

"हाच घेऊ," दार उघडून ती बाबांना म्हणाली.

सहाव्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, पुढच्या बाकावर बसली. लॅपटॉप चोख चालला. सरांचा शब्द न् शब्द उमटत होता. शेवटची पाच मिनिटं हजेरी.

एकोणचाळीस. हजर.

चाळीस. हजर.

एकेचाळीस. हा तिचा क्रमांक. तिने तोंड उघडलं, तोच पडद्यावर उमटलं:

हजर.

तिचा आवाज अजून घशातच होता. सरांनी खूण करायला पेन टेकवलं आणि मान वर केली. ते तिच्याकडे पाहत नव्हते. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून ते ओळखीचं हसले, आणि पुढचा क्रमांक पुकारला.