पहिला धोंडा

दोन तारखांमधले महिने मोजायला फार अक्कल लागत नाही. तरी वारणानगरच्या माझ्या वर्गात निम्मी पोरं चुकतात आणि मग माझं डोकं फिरतं. या महिन्याच्या तारखेपासून पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत एक. आणखी पुढची तीच तारीख, दोन. एवढं साधं आहे. गणितात लाजण्यासारखं काय असतं रे गाढवांनो, असं मी पोरांना नेहमी म्हणायचो.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात, मुरगूडच्या आमच्या घरी, मला पहिल्यांदा मोजायची लाज वाटली.

समोर कागलहून आलेले शिवपुत्रअण्णा आणि बयाबाई बसले होते, माझ्या बहिणीचे सासू-सासरे. लाईट गेलेली, पंखा बंद. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलत नव्हतं. आतल्या खोलीत पाळण्याजवळ वर्षाराणी, माझी धाकटी बहीण, आणि पाळण्यात तिचं महिन्याचं पोर. त्याचं बारसं अडलं होतं. कागलकरांनी हे पोर आमचं म्हटलं तर त्याला बापाचं नाव आणि हिला हिचं घर. नाही म्हटलं तर दोघांच्याही जन्माचं मातेरं.

"मास्तर, तुम्हीच मोजा की," बयाबाई म्हणाल्या. "आम्ही आपली अडाणी मानसं."

मोजायला काय होतं? सोमशेखर दाजी गेले ते आदल्या वर्षी एकोणीस मेला. कागलजवळ, हायवेवर, मोटारसायकलवरून. आमच्या लिंगायत रीतीनं समाधीच्या खड्ड्यात त्यांना बसवलं तेव्हा मूठभर विभूती मी स्वतः टाकली होती. पोर जन्मलं चोवीस एप्रिलला. मी बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला.

"अकरा," मी म्हणालो. "वर पाच दिवस."

"ऐकलंसा?" बयाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अकरा म्हैनं पोटात ऱ्हायाला ते काय हत्तीचं पिल्लू हाय?"

"मधी धोंडा आलता," दाराआडून अव्वा बोलली. अव्वा म्हणजे आमची आई. "श्रावण अधिक हुता. धोंड्याचा म्हैना मोजत न्हाईत. त्यो काढा. दहा म्हैन्यांची बाळंतपणं हुत्यात की."

"अव्वा, तारखांच्या हिशोबात अधिक महिना येतच नाही," मी वैतागलो. "आणि मोजला नाही म्हणून पोटातलं पोर महिनाभर वाढायचं थांबतं व्हय?"

बोललो आणि जीभ चावली. आपल्याच तोंडानं बहिणीचं घर मोडत होतो मी. पण खरं सांगतो, माझाही संताप झाला होता. कुणाचं, कुणाचं, म्हणून किती वेळा विचारलं, तर हिचं एकच उत्तर, तुमच्या दाजींचं. डोक्यावर परिणाम झाला म्हणावं, तर वर्षभर इथं माहेरी घरातली सगळी कामं नीट करायची.

वर्षाराणी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"अव्वा, सांग की आता. धोंड्यात काय केलतंस ते."

अव्वानं पदर तोंडाला लावला. मग पदराआडूनच बोलली. "लग्नानंतरचा पहिला धोंडा हुता. जावयाला जेवू घालायचा. चुकवू नये म्हंत्यात. माझं मन ऱ्हाईना. पुरणाचं धोंडं केलं, पाट मांडला, ताट वाढलं. आनि दारात जाऊन हाक मारली. जावईबापू, जेवायला या."

मी कपाळावर हात मारून घेतला. गेलेल्या माणसाच्या नावानं वाढायची रीत वेगळी. धोंड्याचं आवतण जित्या जावयाला असतं. हे काय मी अव्वाला शिकवायचं?

"आणि?"

"ताट मोकळं झालं. मला वाटलं, मांजर असंल."

"मांजर न्हवतं," वर्षाराणी म्हणाली. भाजीला काय केलंय ते सांगावं, इतका साधा आवाज. "हे आलते. पायाला माती हुती. मी पाय धुतलं. जास्त बोलत न्हवते. थंडी वाजतीया, एवढंच म्हणायचे."

आता बयाबाई हिच्या झिंज्या धरतात, असं मला वाटलं. मी उठायच्या तयारीत होतो. पण शिवपुत्रअण्णांच्याच हाताचा धक्का लागून समोरचा कप खाली पडला.

"त्या श्रावणात समाधी खचली," ते म्हणाले. "माती भरली. परत खचली. परत भरली. हिला बोललो न्हाय."

"पावसात खचतेच की माती."

"पावसानं कडा ढासळत्यात, मास्तर. ही मधनं गेलती."

चहाचा ओघळ जमिनीवर पसरत होता. कुणीच पुसायला उठलं नाही. मग अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "सूनबाई, पोराला घ्या. बारसं कागलात, आपल्या घरात करू."

अव्वा हुंदके देऊन रडायला लागली. माझाही जीव भांड्यात पडला. काही का असेना, पोराला नाव मिळालं. आता खोलात कशाला शिरायचं?

"मी येत न्हाय," वर्षाराणी म्हणाली.

"का गं बाई?" अव्वानं विचारलं.

"ह्यास्नी सोडून कशी येऊ?"

बयाबाईंचा चेहरा उतरला. "म्हैना सरल्यावर... गेला असंल की त्यो?"

"अव्वानं बोलावलं, ते आले. जावयाला जा म्हणायची रीत न्हाय. कुणी म्हणालंच न्हाय."

आत पोर रडत होतं. ते गप्प झालं.

अव्वा उठून उभी राहिली. जावई घरात आला की ती कधी बसून राहत नसे.

मी गणिताचा मास्तर. मी बाकावर सरकलो आणि शेजारी जागा केली.

बयाबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. सकाळपासून आवळलेला त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी हात पुढे केला. बसलेल्या माणसाचा गाल येईल तेवढ्या उंचीवर तो थांबला.

"किती वाळलास रं, लेकरा," त्या म्हणाल्या.