चिमट्यातला लाल धागा

"पुन्हा सुटली!" ठिणगी किंचाळली.

घरच्यांनी तिला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. सुट्टीत दुकानातून आणलेल्या खोक्यातले सुटे भाग जोडून गिटार बनवायची, हा तिचा, सतत तिच्या मागे असणाऱ्या धाकट्या भावंडाचा म्हणजे शेपटाचा आणि शेजारच्या सावकाशचा बेत. गिटारच्या बाकदार कडेला आतून एक खाचांची पट्टी चिकटवायची होती. पुढे तिच्यावरच गिटारची पाठ बसणार. गोंद वाळेपर्यंत पट्टी दाबून धरायला कपड्यांचे चिमटे! आईला विचारून त्यांनी घरातले सगळे चिमटे ओळीने लावले होते. तरी दुसऱ्यांदा पट्टी लोंबत होती.

"पोरांचं काम नाही हे," काका पेपरमागून म्हणाले.

"बास झालं," बाबा म्हणाले. "उद्या संध्याकाळी खोकं दुकानात परत!"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आम्ही नीटच लावली होती!" पण ऐकतंय कोण?

सावकाश मात्र एकेक चिमटा निरखत बसला होता.

"अरे, बोल ना काहीतरी!"

"या चिमट्याच्या गोंदात लाल धागा कसा आला?"

"काकांचा टॉवेल!" शेपूट ओरडलं.

सुट्टीत कपडे वाळत घालायचं काम काकांकडे होतं. नवे चिमटे आणा, असं आई त्यांना सांगून थकली होती. ठिणगी तरातरा भांडायला निघाली, तशी सावकाशने तिची बाही धरली.

"आत्ता भांडलीस तर ते कानावर हात ठेवतील. रंगेहाथ पकडू!"

सकाळी त्यांनी गोंद न लावताच पट्टी बसवली आणि चिमट्यांच्या तोंडात निळ्या खडूची भुकटी भरली.

दुपारी गॅलरीतून आरोळी आली. "माझा पांढरा शर्ट! कुणी वाट लावली?"

शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर निळे डाग होते. सगळे धावत आले. ठिणगीने दोरीवरचा एक चिमटा उघडून दाखवला.

"तुम्हीच, काका! आमचे चिमटे काढलेत, कपडे वाळल्यावर गुपचूप परत लावलेत, आणि वर आम्हालाच नावं ठेवलीत!"

"नवे आणायचे राहून गेले," काका पुटपुटले. "म्हटलं, थोडा वेळ काढले तर काय बिघडतंय?"

"गिटार बिघडते!" शेपूट म्हणालं.

बाबांनी काकांकडे रोखून पाहिलं. मग ते मुलांकडे वळले. "न बघताच बोललो मी. चुकलं माझं. खोकं कुठेही जाणार नाही. आणि शाब्बास! डोकं चालवलंत!"

आईने सावकाशची पाठ थोपटली.

पण चिमटे तर सगळे ओल्या कपड्यांना लागले होते! ठिणगीने पट्टीला गोंद लावला आणि गिटार काकांच्या मांडीवर ठेवली.

"धरा दाबून. दहाही बोटांनी."

"किती वेळ?"

"गोंद वाळेपर्यंत."

थोड्या वेळाने काका कळवळले, "अगं, नाक खाजतंय!"

ठिणगीचा राग निवळत आला होता, पण अजून पुरता नाही.

"खाजू दे!" ती म्हणाली.