तानाजीमामांची अलॅक्रिटी

दुर्बीण! तीही सुट्टीभर! फायदा मोठा होता आणि त्यासाठी स्वप्नालीला द्यायचं होतं फक्त एक उदाहरण. वनमालामावशी नेकनूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने सांगितलं होतं, "अलॅक्रिटी म्हणजे सांगितलेलं काम हसत, लगेच, उड्या मारत करणं. असा माणूस गावात दाखवा आणि माझी दुर्बीण न्या!"

माणूस राहिला बाजूला, सध्या स्वप्नाली, तिची मैत्रीण आफ्रीन आणि धाकटा भाऊ पप्पू तानाजीमामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अडकले होते! आमदारसाहेबांनी गावातल्या पोरांसाठी कार्यकर्ते म्हणून मामांकडे दिलेलं क्रिकेटचं किट गायब होतं. विचारलं की मामा म्हणायचे, "देतो की!" म्हणून तिघं गुपचूप आत शिरले आणि मामांनी न बघताच शटर ओढून कुलूप घातलं.

किट सापडलं. स्टंपांना साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर गुंडाळलेले! पण मे महिन्याची दुपार, तापलेला पत्रा, आणि बाटली रिकामी.

"मामा, उघडा!" आफ्रीनने शटर बडवलं.

बाहेर कडुलिंबाखालून मामांचा आवाज आला, "उघडतो की! काहून बोंबलता? एवढा व्हिडिओ होऊ द्या."

एक व्हिडिओ संपला, दुसरा सुरू झाला. पप्पू भिंतीला टेकून खाली बसला. "ताई, मला गरगरतंय."

स्वप्नालीने ओळखलं, दयेवर मामा हलणार नव्हते. मग कशावर? तिने भराभर एक बॅनर उलगडला, कार्यकर्त्यांच्या फोटोंच्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि ओरडली, "मामा! साहेबांच्या बॅनरवर तुमचा फोटो हाय!"

"आँ? खरंच?"

चप्पल तिथेच राहिली! किल्ली खणखणली, शटर धाडकन वर गेलं. मामांचे सगळे दात दिसत होते. "कुठं हाय? दाखव, दाखव!"

"हा काय, कोपऱ्यात. बटणाएवढा!"

आफ्रीनने तोवर पप्पूला सावलीत नेऊन माठातलं पाणी पाजलं. त्याचा चेहरा पाहून मामांचं हसू मावळलं. "चुकलंच माझं, पोरांनो."

गलक्याने मावशी धावत आली. "सापडलं अलॅक्रिटीचं उदाहरण!" म्हणत स्वप्नालीने मामांकडे बोट दाखवलं. सगळं ऐकून आधी तिने मामांना झापलं, मग स्वप्नालीची पाठ थोपटली. "शब्द नुसता पाठ नाही केलास, कामाला लावलास! सुट्टीभर दुर्बीण तुझी."

किट मैदानावर गेलं. मावशीने सगळ्यांना कुल्फी घ्यायला लावली, मामांच्या नावावर. कुल्फीवाल्याने हात पुढे केला.

"देतो की..." मामा खिसा चाचपू लागले.

स्वप्नालीने मावशीचा मोबाइल उचलला. "मामा, तुम्ही कुल्फी वाटताना फोटो काढू?"

पाकीट लगेच बाहेर! पैसे मामांनीच दिले. तेही हसत!