गोडकान

सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयाला अखेर कुलूप लागलं आणि महिन्याभरात त्याच इमारतीत भडंगाचं दुकान थाटलं गेलं, तेव्हा डॉ. ऋजुता पटवर्धन मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेल्या आणि किलोभर भडंग घेऊन आल्या. का नाही आणायचं? घटस्फोट हा प्रकार गावातून हद्दपार केला होता तो या बाईंनी. वकील बोटं मोडेनात का! अभिमान वाटायचाच.

युक्ती तशी साधी. संसार मोठ्या भांडणांनी मोडत नाहीत, आवाजातल्या एका बारीक काट्याने मोडतात. ‘तुला काय कळतंय!’ हे लाडानेही म्हणता येतं आणि समोरच्याला कवडीमोल ठरवूनही. त्या दुसऱ्या सुराला बाईंनी नाव दिलं तुच्छस्वर. शब्दांचा अर्थ लागायच्या आधीच मेंदू तो पकडतो, अंग ताठरतं, उत्तरही तसंच जातं आणि हळूहळू माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. बाईंनी डाळीएवढं यंत्र बनवलं. ते कानात बसवलं की जोडीदाराच्या आवाजातला तेवढा सूर गाळला जायचा. शब्दांना धक्का नाही. कागदोपत्री ती ‘स्वरगाळणी’, लोक म्हणायचे गोडकान. आता तर लग्नात कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि हसत हसत त्यात गोडकान बसवून देतो. नवरीच्या कानात करवली बसवते.

पहिली जोडी बाईंनी स्वतःच्या आणि नवऱ्याच्या, उपेंद्ररावांच्या कानात बसवली होती. त्याला वीसेक वर्षं झाली. त्यानंतर घरात भांडण म्हणून नाही.

बाई भडंगात कांदा मिसळत होत्या, तेवढ्यात लेक ईशानी दारात उभी राहिली. हातात बॅग.

“आई, मी पुष्करला सोडतेय.”

“अगं बाई! भांडलात की काय?”

“भांडणार कसे? तू सोय कुठे ठेवलीस?” ईशानी धपकन बसली. “तो म्हणाला, एकदा गोडकान काढून बोलूया. काढले. थोडा वेळ बरं चाललं. मग म्हणाला, तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही. आई, तो सूर! अगदी बाबांचा.”

“कुठल्या बाबांचा?”

“आपल्या.”

“वेड लागलंय का तुला! उपेंद्र मला इतक्या वर्षांत एकदाही वावगं बोललेला नाही.”

“तुला ऐकू आलं नाही. गोडकान नवरा-बायकोला असतो, आई. मला तो लग्नात मिळाला. तोवर तुमच्या मधे बसून मी उघड्या कानांनी जेवत होते.”

बाईंना रागच आला. स्वतःच्या पोरीने शोधावरच बोट ठेवावं? “उत्तर मिळालं नाही की काटा आपोआप वाळतो. सिद्ध केलंय मी ते.”

“वाळला नाही, फोफावला. समोरच्याला लागतंय हे दिसलं तर माणूस थांबेल ना? बाबांना ते कधी दिसलंच नाही. पुष्कर तसा व्हायच्या आत मला निघायचंय.”

बाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. पोरीचा गैरसमज आत्ता दूर करते, संसार वाचवते तिचा, अशा ऐटीत त्यांनी स्वयंपाकघराकडे कान दिला.

“ऋजू, चहा टाकलाय. घेतेस ना?” आतून उपेंद्ररावांनी विचारलं.

नकोशा पाहुण्यालाही कुणी असा चहा विचारत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ हेच वाक्य ऐकून बाई सुखावत आल्या होत्या.

“असा बोलतोस तू माझ्याशी?” त्या ओरडल्या. आयुष्यात कधी ओतलं नव्हतं इतकं जहर त्या एका वाक्यात होतं. ईशानी दचकून मागे सरली.

उपेंद्रराव ट्रे घेऊन बाहेर आले. गोडकान त्यांच्या कानात होता. चेहरा नुसता फुललेला.

“ऐकलंस ईशानी? एवढ्या वर्षांनीही साध्या चहाचं कौतुक करते तुझी आई! याला म्हणतात संसार. अख्खी सांगली नाव काढते आमचं. शीक जरा!”

त्यांच्या आवाजात अभिमान ओसंडून वाहत होता. आणि तो खरा होता, हे बाईंना गोडकानाशिवायही स्वच्छ ऐकू आलं.