वस्ती : निरंक

साहेब, तुमच्या माणसानं एक जितंजागतं गाव एका शब्दात मारलं, आणि तुम्ही न वाचता खाली सही ठोकली.

पालम गावाच्या अलीकडं काळविटांचं अभयारण्य. दर पाच वर्षांनी तुमच्या कचेरीकडून त्याची आणि आतल्या वस्त्यांची पाहणी. शहाऐंशी साल सरता सरता ह्या कामावर कोकणातला दिनकर आला. भर दुपारी हिवरवाडीत शिरला आणि थबकलाच. दारं सताड उघडी. चुली कोमट. एका घरात पाळणा हलत होता... रिकामा. माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. घाईघाईनं त्यानं लिहिलं, ‘वस्ती : निरंक’.

“निरंक मंजे काय हो?”

कानाशीच आवाज. वळला तर एक पोरगी, कडेवर मडकं. दिनकरची नजर आधी तिच्या पायांवर गेली.

“सरळच हायत,” ती हसली. “चाळ न्हाईत, न्हाईतर वाजवून दावले असते.”

“निरंक म्हणजे... काहीच नाही.”

“मंग मी कोण? भूत?”

“भुतं इतकी गोड हसत नसतील.”

“लय भुतं बघितल्यात वाटतं!”

ती शिवम्मा, भीमाशंकरची लेक. “आज येळवस हाय, येळ अमावस्या. आख्खं गाव रानात जेवायला गेलंय. मी आंबील न्यायला आले.” मग तिचं हसू विझलं. “मागला साहेबबी येळवशीलाच आलता. ह्योच शब्द लिवून गेला. परसाल माय गेली माझी, तर कचेरीत म्हनले, गावच न्हाई तितं मरल कोण? औंदाबी निरंक आलं, की घरं पाडणार हायत.”

दिनकरनं शब्द खोडला. तिच्यामागं रानात गेला, कडब्याच्या खोपीत बसून मिसळ भाज्यांची भज्जी खाल्ली, एकेकाचं नाव लिहिलं. शेवटी पेन अडखळलं.

“तुझं... लग्न?”

“नसलेल्या गावची पोरगी कोण करील?”

“मी केली तर?”

वाटीत ओतता ओतता आंबील सांडली. “मंग तुमीबी निरंक व्हताल, बघा!”

चेष्टाच होती ती. अहवाल दिनकरनं स्वतः नेऊन तुमच्या टेबलावर ठेवला, आणि लग्नाचं विचारायला परत वाडीत आला. महिन्याभरानं अहवालाची छापील प्रत वाडीत आली, तुमच्या सहीची. वस्ती : निरंक. खाली नवी ओळ — ‘पाहणी कर्मचारी कामावर हजर झालाच नाही, ठावठिकाणा नाही.’

दिनकरनं आपली नाडी चाचपली.

“भ्यालाव?” शिवम्मानं विचारलं.

“हो.”

“हात द्या इकडं.”

तिचा हात ऊन होता. तो हात धरूनच, कपाळाला बाशिंग बांधून, दोघं तुमच्या कचेरीसमोर उभे राहिले. मागं आख्खी हिवरवाडी. शिपाई दारातून बघून आत ओरडला, “कुणी न्हाई, साहेब!”

मग तुम्ही स्वतः खिडकीशी आलात. सरळ शिवम्माच्या डोळ्यांत बघितलंत, आणि पडदा ओढलात.

सांगा साहेब, तुम्हांला कोण दिसलं?